खळगा कुणाचा

सोमवार, १० नोव्हेंबर

...आणि नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग घंगाळ, मग कपड्यांची बादली. तोवर न्हाणीतून ह्यांची हाक येणारच, "तांब्या!" आदल्या दिवशी घासून ठेवलेला तांब्या ह्यांना चालत नसे. सकाळी ताजा लागायचा. मग मी चिंच आणि बेतवा नदीची वाळू घेऊन अंगणातल्या दगडाशी बसायची आणि तो तांबडालाल निघेपर्यंत घासायची. भरून ह्यांच्या हातात द्यायची. हे ओल्या अंगानं दगडाशी उभे राहून सूर्याला अर्घ्य द्यायचे, पाणी दगडावर पडायचं, पायांवर उडायचं. मी तेवढ्यात चहाचं आधण ठेवायची. मग डबा. मग रेल्वे वर्कशॉपचा भोंगा.

लग्न होऊन शहरातल्या ओरछा गेटच्या माहेरातून इथे रेल्वेजवळच्या नगऱ्यात आले तेव्हापासून ह्यांची शेवटची थंडी संपेपर्यंत हेच चाललं. त्या पाण्यानं दगडाला खळगा पडलाय, वाटीएवढा. घरात ह्यांचे चष्मे आहेत, कोट आहे, पण ते सगळं मी ठेवलंय. खळगा तेवढा ह्यांनी स्वतः ठेवलाय.

हे आज आठवायचं कारण देविका. पुढच्या गल्लीत राहते, मागच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते. तिला सातवा महिना आहे. भेटायला गेले तर पलंगावर पडून रडत होती.

"काकू, डॉक्टरने उठायचंच नाही म्हटलंय. धडे अडकलेत. तुम्ही घ्या ना माझी क्लास."

"मी? अगं, मी नववी पास."

"तुम्ही वाचता किती! ढग कसा होतो ते मला तुम्हीच तर सांगितलं होतं. आणि नाहीच जमलं तर बस बच्चों को चुप बिठाना."

"ते तर मुळीच जमणार नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी मुख्याध्यापकांकडे गेले. विश्वंभर दुबेजी. भला माणूस, पण चष्म्यावरून बघतो. "बहनजी, पढ़ती हैं, ये तो देविकाजी ने बताया। पढ़ा पाएँगी?" मी खरं तेच सांगितलं, माहीत नाही. ते हसले. "चलिए, इस महीने देखते हैं। उनतीस तारीख, शनिवार को मैं खुद आकर बैठूँगा। ठीक लगा तो मार्च तक आप।" ठीक नाही लागलं तर काय, ते त्यांनी चष्मा पुसून सांगितलं.

झोप येईलसं वाटत नाही. भीतीनं नाही. काय ते कळत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाण्याचं चक्र, मग दगडाची झीज: आधी अपक्षय, मग अपरदन. देविकाचं पुस्तक वाचलं. मग माझी पुस्तकं काढली. रेल्वे इन्स्टिट्यूटची लायब्ररी मोडली तेव्हा हे सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आले होते ती. "घे, तुझं माहेर आणलंय," म्हणाले होते.

पहिली दोन पानं समजली. अपक्षय आणि अपरदन यांतला फरक मात्र वाचला की कळतो आणि पुस्तक मिटलं की जातो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जमलं! जमलं म्हणजे आरडाओरडा झाला, पण तो योग्य गोष्टीसाठी झाला.

काचेच्या ग्लासात बर्फ नेला. थोड्या वेळानं बाहेरून थेंब. पुढच्या बाकावरचा भूषण, कुशवाहांचा, तोंडानं वर्गाचा राजा, म्हणाला, "आंटी, गिलास चू रहा है।" सगळे म्हणाले, चू रहा है. मला हे ठाऊक होतं! मी पिशवीतून दुसरा ग्लास काढला, त्यात गुलाबाचं लाल सरबत आणि बर्फ. "गळत असेल तर थेंब कसले यायला हवेत?" लाल! आले पांढरे. भूषणला खरं वाटेना. त्यानं उठून ग्लास बाहेरून चाटला.

"फीका है! मीठा नहीं!"

मग सगळ्यांनाच चाटायचा होता. दुबेजी दारात येऊन उभे राहिले तेव्हा सातवीचा अर्धा वर्ग जीभ काढून रांगेत होता. त्यांनी बघितलं आणि निघून गेले.

मग हे पाणी हवेतलं, हे त्यांना सांगावं लागलंच नाही. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "तो हवा में पहले से था। दिखता नहीं था।" अंबिका अहिरवार नाव. दोन वेण्या, बोलते कमी.

घरी येताना मी चालत होते की पळत, मला आठवत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज सांगितलं, पृथ्वीवर पाणी तेच आहे. समुद्रातलं वर जातं, खाली येतं, बेतव्यातून वाहतं, परत जातं. नवीन कुणी आणून टाकत नाही.

भूषण विचारात पडला. मग हात वर. "मतलब जो पानी हम पी रहे हैं, वो पहले किसी और ने पिया है?"

"हो. माणसांनी, म्हशींनी, हत्तींनी."

"जो तो सबरे जगत को जूठो पानी आय, आंटी!"

वर्ग फुटला. एकीनं बाटली लांब सरकवली. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं हसून. मी म्हटलं, उष्टं नाही. वाफ होताना पाणी सगळं खाली ठेवून जातं, मीठ, माती, सगळं. एकटं वर जातं. सोवळ्यात.

बोलता बोलता मनात आलं, मग अर्घ्याचं पाणीही. ते उन्हात दगडावरून उडून जायचं, मी बघायची. ते कुठेतरी आहेच. हे वर्गात नाही सांगितलं. इथे लिहिते.

सुबोधचा पुण्याहून फोन. "आई, या वयात कशाला दगदग?" मग म्हणाला, "तुझा आवाज वेगळा येतोय. सर्दी झालीय का?" म्हटलं, नाही रे, थंडी आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजचा दिवस चांगला सुरू झाला होता.

माझं अंगण शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. मुलांना गल्लीतून आत आणलं. आधी भिंतीतला पिंपळ दाखवला, त्याचं मूळ विटा कसं फोडतंय ते. हा अपक्षय. मग दगडापाशी नेलं. ललितपूरकडची पिवळट लादी, सासऱ्यांनी घातलेली. खळगा दाखवला. म्हटलं, "तुमचे दादाजी इथे रोज सकाळी एक लोटा पाणी सोडायचे. बघा, पाण्याची ताकद."

मुलं भोवती दाटली. भूषणनं खळग्यात मूठ बसवून बघितली. मला इतकं बरं वाटत होतं. शनिवार, २९ ला दुबेजींना इथेच आणायचं, हाच धडा घ्यायचा, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

तर अंबिका म्हणते, "आंटी, हमारे हैंडपंप के नीचे भी ऐसा ही पत्थर है। पूरा मोहल्ला पानी भरता है, दिन भर गिरता है। उसमें गड्ढा नहीं हुआ। बस काई जमी है।"

मी म्हटलं, तुमचा दगड कठीण असेल.

"ऐसा ही है। पीला।"

मी म्हटलं, घंटा व्हायची वेळ झाली, चला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काई म्हणे. शेवाळं.

शाळेत गेले, नकाशा भरून घेतला. अंबिकाकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. लहान पोर, तिनं काही वाईट विचारलं नाही. तरी राग आला. ह्यांचं म्हणून एवढंच आहे आणि त्यालाही कुणी हात लावावा?

पुस्तकं चाळली. एकात लिहिलंय की नदी दगड कापते. एवढंच. दुसऱ्यात एक वाक्य होतं, ते मी पूर्वी वाचलं असणार, खाली माझीच पेन्सिलची रेघ आहे. नुसतं पाणी फार थोडं कापतं, पाण्यासोबतची वाळू कापते.

रेघ मी मारली, आणि वाचलं कुणी?

गुरुवार, २० नोव्हेंबर

विचारून टाकलं, आणि फार बरं झालं.

वर्गात गेल्या गेल्या म्हटलं, "अंबिकानं सोमवारी प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही, कारण मला येत नव्हतं. आज आपण बघू." अंबिका लाजली आणि पुढच्या बाकावर येऊन बसली.

प्लास्टिकच्या दोन बरण्या. प्रत्येकीत विटेचा एक एक तुकडा, कोपरे टोकदार. दोन्हीत पाणी. एकीत मूठभर मौरंग, म्हणजे इथली जाडी वाळू, शेजारच्या बांधकामाच्या ढिगातली. मग हलवायच्या. दोघांचं हलवणं सारखं कसं ठेवायचं यावर भांडण झालं. भूषणचा तोडगा: सगळा वर्ग सतराचा पाढा म्हणेल, त्या तालावर दोघं हलवतील. सतराचा पाढा कुणालाच पुरा येत नव्हता, म्हणून तो फार लांबला, आणि प्रयोगाला तेच हवं होतं.

झाकणं उघडली. नुसत्या पाण्याची बरणी जरा गुलाबी. वाळूची लालभडक! तुकडा बाहेर काढला तर कोपरे गेलेले, सुपारीसारखा गोल. मुलं ओरडली. मीही ओरडले. दुबेजी पुन्हा दारात. या वेळी आत आले, तुकडा हातात फिरवला, खिशात टाकून गेले!

तेव्हा अंबिकाचं खरं. पाणी एकटं फार करत नाही.

पण ह्यांच्या पाण्यात वाळू असणारच. नळाला गाळ येतोच की इथे. मे महिन्यात तर चहाच्या रंगाचं पाणी. त्यानंच पडला असेल. नक्की त्यानंच.

रविवार, २३ नोव्हेंबर

हे कुणाला सांगू! देविकाला फोन केला तर ती झोपलेली.

सकाळी अंगण धुतलं. दगड ओला, ऊन तिरकं. त्यावरच्या बारीक रेघा उठून दिसल्या, एकापाठोपाठ एक, नागमोडी. मी इतकी वर्षं समजत होते की पाथरवटानं पाय घसरू नये म्हणून टाकीचे घाव घातलेत. आज टेकून बघितलं. छिन्नीचे घाव असे वळत नाहीत. धावत आत जाऊन पुस्तक आणलं, चित्र शेजारी धरलं.

लाटा आहेत त्या! कुठल्या तरी जुन्या उथळ पाण्याच्या तळाशी वाळूवर लहान लाटा उमटल्या, वर आणखी वाळू बसली, दाबली गेली, दगड झाली. माणूस नव्हता तेव्हाचं पाणी. आणि मी त्यावर पापड वाळवले.

बोट फिरवत बसले. हे असते तर म्हणाले असते, "बघ, म्हणजे मी समुद्रावर उभा राहून अर्घ्य देत होतो." आणि वर्कशॉपमध्ये चार जणांना सांगितलं असतं.

दगडच आधी वाळू होता. मग घासला की पुन्हा वाळू. हेही सांगायचं शनिवारी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तयारी. सतरंजी झाडली. दुबेजींसाठी खुर्ची. मुलं रोज विचारतात, शनिवार कधी. मी पण तेच मोजतेय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शांतपणे, जसं झालं तसं लिहिते.

दुबेजी आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. मुलांना मी लाटा दाखवल्या. ओरडा झाला. दुबेजी खुर्चीवरून उठले, उकिडवे बसले, दगडावर हात फिरवत म्हणाले, "अरे, ये तो सचमुच..." माझी छाती फुगली.

मग बरण्या. विटेचे तुकडे तयार, पाणी तयार. भूषण डबा घेऊन शेजारच्या बांधकामावर गेला तो हात हलवत परत. "आंटी, मौरंग खतम। प्लास्टर हो गया उनका।"

दुबेजी बघतायत. मी म्हटलं, थांब, आणि न्हाणीच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढून आणला. अर्धा भरलेला होता. हे गेल्यापासून उघडला नव्हता.

अंबिकानं झाकण काढलं. बोटांनी चिमूट उचलली. "ये तो छनी हुई है। आंटी, घर में रेत काय के लाने?"

"तांब्या घासायला," मी सांगितलं. "दादाजी बेतव्यावरून आणायचे, मी चाळून ठेवायची. वाळू आणि चिंच. रोज सकाळी."

"कहाँ माँजती थीं?"

मी हात केला. जिथे रोज बसायची तिकडे. तिथे बसलं की तांब्या टेकवायची जागा कुठली येते, ते दाखवायला बोट पुढे केलं, आणि ते बोट खळग्यावर जाऊन थांबलं.

मला समजलं तेव्हा मुलांनाही समजलं होतं. मग भूषणला राहवलं नाही.

"अरे! तो गड्ढा दादाजी का है ही नहीं! गड्ढा तो आंटी का है!"

कुणीतरी त्याला चिमटा काढला. मी दगडाशीच बसले. खरं लिहायचं तर पहिल्यांदा वाटलं की हे पुन्हा एकदा गेले. खळगा बरोबर तांब्याच्या बुडाएवढा आहे. मी रोज बघत होते आणि मला ते कधी दिसलं नाही. वाळूच्या डब्यावर रोज हात होता माझा. पुस्तकात त्या वाक्याखाली रेघ माझी होती.

दुबेजींसमोर आता काय बोलायचं? धडा तर पाण्याच्या ताकदीचा होता. मी म्हटलं, "मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. भूषण बरोबर आहे. हे पाण्यानं झालेलं नाही."

"नहीं आंटी, रुकिए," अंबिका म्हणाली. ती उभी नव्हती राहिली, माझ्या शेजारी बसून खळग्यात बोट फिरवत होती. "आप घिसती थीं, तो पत्थर का चूरा निकलता होगा। वो चूरा कहाँ गया?"

मग तिनंच उत्तर दिलं.

"यहीं पड़ा रहता तो रोज उसी में लोटा घूमता, गड्ढा भर जाता। पर आप लोटा माँजकर देतीं, दादाजी पानी डालते, सब बह जाता। अगले दिन फिर साफ पत्थर।" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घिसना आंटी का, बहा ले जाना दादाजी का। आंटी अपक्षय, दादाजी अपरदन।"

काय हसली मुलं! भूषण तर सतरंजीवर लोळला. "आंटी अपक्षय! दादाजी अपरदन!" दुबेजी तोंडावर रुमाल धरून हसत होते. मीही हसले, आणि हसता हसता रडले, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण मुलांना वाटलं हसूनच पाणी आलंय.

पुस्तक मिटलं की जाणारा तो फरक आता जाणार नाही. एक जागच्या जागी झिजवतं, दुसरं घेऊन जातं. दोन्ही नसली तर खळगा नाही.

बरण्या मग हलवल्याच. सतराचा पाढा आता सगळ्यांना येतो. ह्यांच्या वाळूनं वीट किती छान झिजवली!

जाताना दुबेजींनी गुडघ्यावर हात ठेवून उठत विचारलं, "बहनजी, ये लोटा है अभी?" म्हटलं, आहे, काळा पडलाय. ते म्हणाले, "मार्च तक सातवीं आपकी। और सोमवार से आठवीं में भी झाँक लीजिए, वो लोग बहुत शांत रहते हैं, मुझे चिंता होती है।"

देविकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मला हसवू नका, पोटात लाथा मारतंय." मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं का हो, खळग्याचं?"

म्हटलं, दुपारी वाटलं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तिथे हे काहीतरी करतायत आणि मी नुसती तांब्या देऊन चहाला पळतेय.

रविवार, ३० नोव्हेंबर

नळ आला. पिण्याचं भरलं, बादली भरली. फळीवरून तांब्या काढला. चिंच आणि डब्यातली वाळू घेऊन दगडाशी बसले, तांबडालाल निघेपर्यंत घासला, भरला आणि पाणी खळग्यावर सोडलं.